डावा पस्तीस, उजवा अडतीस

आत-बाशी,
२ मे २००४

चि. शारिपास,

अनेक आशीर्वाद. एक्कावन्न वर्षांच्या बाईला 'चिरंजीव' लिहिते म्हणून नाक मुरडू नकोस. मी तुझ्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी आहे आणि आयुष्यात मला मिळालेला एवढाच एक मान आहे.

बोलोतच्या गाडीतून पाठवलेले बूट परवा पोचले. डावा अडतीस, उजवा पस्तीस, दोन्ही सुखरूप. पण रंग तपकिरी का? यंदा निवडायची पाळी तुझी होती हे मान्य. तरी तुझी पाळी आली की दर वेळी तपकिरीच येतो, एवढ्या मोठ्या काराकोलच्या बाजारात दुसरा रंग मिळत नाही का? पुढच्या वर्षी पाळी माझी आहे. मी लाल घेणार, आणि तुला ते मुकाट्याने घालावे लागतील.

आमच्या सूनबाईंना, म्हणजे झामालला, हे गणित अजून समजलेलं नाही. डब्यातून दोन वेगवेगळ्या मापांचे बूट निघाले तेव्हा तिला वाटलं दुकानदाराने फसवलं. मग तिला बसवून सांगितलं की सत्तावन्नच्या उन्हाळ्यात पोलिओ आम्हा दोघी चुलतबहिणींच्या घरी एकाच आठवड्यात आला. शारिपाचा डावा पाय धरला, माझा उजवा. धड पाय वाढत गेले, आजारी मागे राहिले. तिला डावा पस्तीस लागतो नि उजवा अडतीस, मला बरोबर उलटं. पस्तीसचा एक जोड आणि अडतीसचा एक जोड घेतला की दोघींचं भागतं आणि एकही बूट वाया जात नाही. झामालने विचारलं की ही कल्पना कुणाची. मी सांगितलं, माझी. तू आता उलट टपाली हक्क सांगू नकोस.

आता मुख्य गोष्ट. माझा नातू बायतिक उभा राहायला लागला. कशालाही धरून उभा राहतो, काल मेंढीला धरून राहिला होता आणि मेंढी निघून गेली. ३१ जुलैला, शनिवारी, त्याचा तुशो कापायचं ठरवलंय. गेल्या अकरा वेळा तू कुणाच्याच तुशोला आली नाहीस, तेव्हा विसरली असशील म्हणून सांगते. पोराच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, लोक लांबून पळत येतात, पहिला पोचेल तो सुरीने दोरी कापतो आणि पोराचा हात धरून त्याला पहिली पावलं चालवतो. अकराही वेळची तुझी कारणं मला पाठ आहेत. एकदा शाळेच्या नाटकाचे पडदे शिवायचे होते, एकदा जर्दाळू उतरवायचे होते, आणि एकदा तर तुझं मांजर विणार होतं. शारिपा, तुझ्याकडे मांजर नाही.

या वेळी यायचं. नुसतं यायचं नाही, दोरी तू कापायचीस. कुबानला नोवोसिबिर्स्कहून रजा मिळत नाही, बांधकामाचा हंगाम आहे. बिचाऱ्याने पत्रात लिहिलंय की मी नसलो तरी शारिपामावशी असू दे, माझा पहिला सदरा तिने शिवला, माझ्या पोराची दोरी तिने कापावी. आता याला काय कारण देतेस ते बघते.

जुने बूट परतीच्या गाडीने पाठव, तुझे भावोजी नवे सोल लावून ठेवतील. त्यांची तब्येत बरी आहे, खोगिरं शिवतात आणि चिडतात.

कळावे. लोभ तर आहेच, यंदा तो पायांनी चालत इकडे यावा.

तुझी,
तुर्सुनाय


काराकोल,
१४ मे २००४

ती. तुर्सुनायताईस,

सप्रेम सलाम, वि. वि. तुझं पत्र पोचलं. 'तीर्थरूप' लिहिलंय, तेरा महिन्यांचं देणं फिटलं असं समज.

तपकिरीवर चिखल दिसत नाही आणि माझ्या गल्लीत चिखलाशिवाय काही नाही. लाल बूट घालून तू गाई दोहायला बसशील तेव्हा गाई काय म्हणतात ते मला कळव. आणि कल्पना माझी होती. बहात्तर साली मीच तुला लिहिलं होतं की माझ्या खाटेखाली सहा अनाथ बूट साठलेत, तुझ्याकडे त्यांचे उलटे असतील तर पाठव. ते पत्र तू जपून ठेवलं नाहीस, एवढाच काय तो तुझा विजय.

बायतिकच्या बातमीने फार आनंद झाला. मेंढीला धरून उभा राहतो म्हणजे पोर धीट आहे. पण ताई, मला येणं जमणार नाही. एक सप्टेंबरला शाळा उघडते, त्याआधी चाळीस गणवेश द्यायचेत, आणि जुलै हा त्याचाच महिना. हे कारण खरं आहे, मांजरासारखं नाही.

आणि दोरी मी कापायची हे तुझ्या डोक्यात आलं तरी कसं? ज्याच्या हातून दोरी कापली जाते त्याच्यासारखं पोर चालतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुझ्या नातवाने माझ्यासारखं चालावं असं वाटतं का तुला? एक पाऊल काराकोलकडे आणि एक नारिनकडे? त्यापेक्षा तुमच्या टपालवाल्याची मुलगी बोलाव. ती पळायला लागली की कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात असं तूच लिहिलं होतंस. कुबानला माझे आशीर्वाद कळव आणि सांग की मावशी बायतिकचाही पहिला सदरा शिवून पाठवेल.

माझे पाय उत्तम आहेत. तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून लिहून ठेवते.

सोबत जुने बूट आणि सुकवलेले जर्दाळू पाठवते. जर्दाळू बोलोतने मोजलेले नाहीत, मी मोजलेत, तेव्हा वाटेत कमी झाले तर मला सांग.

बाकी क्षेम. लोभ लांबूनही करता येतो, तसा करत राहावा.

तुझी धाकटी,
शारिपा


आत-बाशी,
२७ मे २००४

शारिपास,

सलाम. मला पत्र लिहिता येत नाही. आयुष्यातलं हे तिसरं. पहिलं पलटणीतून आईला लिहिलं, दुसरं तुझ्या बहिणीला, त्याचा परिणाम तीस वर्षं भोगतोय.

तुझे बूट आले. घोड्याच्या पाठीवरचा घाम बघून मी खोगीर कुठे बोचतं ते सांगतो. बुटांचंही तसंच असतं. डाव्याची बाहेरची कड पार झिजलीय आणि आतली कड नवीकोरी आहे. म्हणजे घोटा बाहेर कलंडतो. टोक खरवडलंय, म्हणजे पुढचा पाय उचलला जात नाही, फरफटतो. आत बोटांच्या जागी कातडं वर फुगलंय, म्हणजे बोटं आकसून वाकडी झालीत. हे सगळं गेल्या सालच्या बुटात एवढं नव्हतं.

उजवा बूट करंगळीच्या बाजूने उभा चिरलेला आहे. आतून पडद्याच्या कापडाचा तुकडा लावलाय. टाका सुबक आहे, तुझाच. धड पाय अडतीसात मावेनासा झाला का?

पाय उत्तम आहेत असं तू लिहिलंस. बूट तसं म्हणत नाहीत. किती वेळा पडलीस ते लिही. दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मार, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, आणि चारही कागद पाठव. हिवाळ्याचे तुम्हा दोघींचे बूट मलाच शिवायचेत. त्यापलीकडे बूट शिवणं माझा धंदा नाही, मी खोगीरवाला, पण तुमचे चुकून चालणार नाही. आणि डॉक्टरकडे जा.

तुर्सुनायला बोलणार नाही.

बायतिकचे पहिले बूट शिवतोय. दोरी कापली की घालायचे. कोकराचं मऊ कातडं घेतलंय. कुणाला दाखवत नाही.

एसेनाली


काराकोल,
८ जून २००४

ती. भावोजींस,

आदरपूर्वक सलाम, वि. वि. तुम्ही पत्र लिहिलंत याचाच इतका धक्का बसला की खोटं बोलायला सुचेना. म्हणून खरं लिहिते.

तीनदा पडले. पहिल्यांदा माझ्याच उंबऱ्यावर. दुसऱ्यांदा बर्फावर, पण तेव्हा निम्मं गाव पडलं होतं, ते धरू नका. तिसऱ्यांदा बाजारात, गार शेवयांच्या गाड्यासमोर, हातात भरलेला वाडगा होता. वाडगा वाचवला, गुडघा फुटला. शेवयावाल्या बाईने वाडग्याचं कौतुक केलं.

डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणजे एक कोवळी पोरगी. तिने पोलिओ पुस्तकातच पाहिला होता, त्यामुळे तिने दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावून माझा पाय दाखवला. मी जत्रेतल्या अस्वलासारखी बसून राहिले. शेवटी एक म्हातारे डॉक्टर आले, त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले की आजार परत आलेला नाही, पण ज्या स्नायूंनी सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांचंही काम केलं ते आता दमलेत. डावा त्यामुळे कलंडतो, आणि करंगळीखाली घट्टा पडलाय तोही त्यानेच. तो मी ब्लेडने तासत होते हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, पण चांगलीच बोलणी खाल्ली. गार पडलेल्या पायाला जखम झालेली लवकर कळत नाही नि लवकर भरतही नाही, असं म्हणाले. आणि धड पाय, ज्याला मी जन्मभर मिरवलं, तो भार वाहून पसरलाय. त्यावर मशीनचं पेडलही मी त्याच पायाने मारत आले. आता छोटा कॅलिपर, काठी, आणि मशीनला मोटर, असं सांगितलंय. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पेडल मारलं.

चारही कागद सोबत आहेत. उजवा पाय सकाळी एकोणचाळीस, संध्याकाळी चाळीस. हे ताईला सांगू नका. माझा उजवा चाळीस झाला तर जोड फुटला. मग तिच्यासाठी अडतीसचा डावा कोण घेणार, आणि त्याचा उरलेला उजवा कुणाला? बत्तीस वर्षांत आम्ही एक बूट फेकलेला नाही, भावोजी. मी इथे एकटी राहते. वर्षातून एकदा दोन डबे गाडीतून येतात-जातात, तेवढ्याने मला वर्षभर कुणीतरी असल्यासारखं वाटतं. म्हणून चिरला बूट.

आणि तुशोला मी का येत नाही तेही लिहून टाकते, म्हणजे ताई पुन्हा मांजराचा विषय काढेल तेव्हा निदान तुम्हाला खरं ठाऊक असेल. एकोणऐंशी साली माझ्या दादाच्या मुलाचा तुशो होता. मी पळणार नव्हतेच. पण वहिनीने प्रेमाने सुरी माझ्या हातात दिली, आत्यानेच कापावी म्हणाली. मी नवा झगा शिवला होता, निळा. पोरापाशी वाकले, तेवढ्यात उम्सूनकाकू आल्या. काही वाईट बोलल्या नाहीत. हसत हसत माझ्या हातातली सुरी काढून घेतली, त्या जागी ताटातला एक तळलेला बोर्सोक ठेवला, आणि म्हणाल्या की तू खा गं बाळ, दमली असशील. सुरी त्यांनी शेजारच्या मुलीला दिली. मी तो बोर्सोक हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसले होते. सगळ्यांच्या देखत टाकताही येईना. त्यानंतर मी कुणाच्याही तुशोला गेले नाही. मला भीती वाटते की कुणीतरी पुन्हा हसत येईल.

हे तुमच्याजवळच राहू द्या.

माया आहे तशीच असावी, आणि पत्र चुलीत घालावे.

तुमची मेव्हणी,
शारिपा


आत-बाशी,
२० जून २००४

शारिपा,

आशीर्वाद नाहीत. रागावलेय.

तुझे भावोजी मनातल्या मनात वाचू शकत नाहीत हे तीस वर्षांत तुझ्या लक्षात आलं नाही? वर्तमानपत्र वाचतात तर शेजारच्या गल्लीला बातम्या कळतात. तुझं गुपित त्यांनी अंगणात खोगिरावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचलं, 'ताईला सांगू नका' हेसुद्धा. मी गोठ्यात दूध काढत होते. अर्धी बादली लाथेने सांडली, गाईच्या नव्हे, माझ्या. वाचून झाल्यावर ते आत आले आणि टपाल काही नाही म्हणाले. मी बरं म्हटलं. वचन मोडलं असं त्यांना अजून वाटत नाही, तेव्हा तूही वाटू देऊ नकोस.

कॅलिपर कर. मोटर बसव. हे मी एकदाच लिहिते. पडून हाड मोडलंस तर मी तिकडे येऊन तुझ्या घरी राहीन, आणि तुला माहीत आहे मी किती बोलते.

जोडाच्या बाबतीत मी आत्ता काहीही बोलणार नाही. असं फार क्वचित होतं, याची नोंद घे.

आता दुसरं. त्या एकोणऐंशीच्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभी होते. तू हे पत्रात लिहिलं नाहीस, पण तुला आठवत असणार. काकूंनी सुरी घेतली तेव्हा माझ्या तोंडात बोर्सोक होता. मी तो गिळला आणि गप्प राहिले. कुबानच्या वेळी सातवा महिना होता मला. काकू अजून माझ्या पायाकडे बघत नाहीत, तर त्यांनी बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. पुढे कुबानचा तुशो झाला त्या दिवशी मी त्याला कडेवर घेऊन अंगणात गेलेसुद्धा नाही. सासूबाईंच्या हातात दिला आणि खिडकीतून बघितलं. माझ्याच मुलाची पहिली पावलं मी काचेआडून बघितली, शारिपा. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मीच मला सांगितलं. पंचवीस वर्षं मी तुझ्या कारणांची चेष्टा करते आहे, ती यासाठी की एकदा तरी तू चिडून खरं बोलशील आणि मग मलाही बोलता येईल.

तर आता ऐक. बायतिकची आजी मी आहे, अंगण माझं आहे, नियम माझे. तीन शर्यती होतील. पहिली पोरांची, दुसरी बायकांची, तिसरी ज्यांच्या दोन पायांत दोन मापांचे बूट आहेत त्यांची. तिसरी जिंकेल ती दोरी कापेल. उम्सूनकाकूंना मी आमंत्रण दिलं आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पहिल्या रांगेत बसतील.

कुबानला कळवलं. त्याला वाटतं त्याची आई पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागते आहे.

राग गेला की लोभ आहेच. राग तू गाडीतून उतरलीस की जाईल.

तुर्सुनाय


काराकोल,
५ जुलै २००४

ती. ताईस,

सप्रेम सलाम. दोन दिवस तुझं पत्र शिवणाच्या डब्यात ठेवून फिरत होते. मला आठवत होतं तू शेजारी होतीस ते. पण तुलाही ते लागलं असेल असं मला कधी सुचलंच नाही. मी माझा बोर्सोक धरून बसले होते.

येते. गणवेश झाले तितके झाले. अटी अशा: मी पळणार नाही, चालेन. कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. कॅलिपर झालाय, चालताना खटखट वाजतो, त्यावर भावोजींनी काही बोलायचं नाही. मोटर बसवली, मशीन आता माझं न ऐकता पुढे पळतं. बोलोतने पुढची सीट ठेवलीय. तो म्हणाला की बत्तीस वर्षं, आधी त्याच्या बापाने आणि मग त्याने, तुमचे बूट नेले, एकदा पायही नेऊन बघू.

भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते. बाकी समक्ष.

तुझी,
शारिपा


आत-बाशी,
५ ऑगस्ट २००४

चि. कुबानास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या आईने मला खाटेवर बसवून समोर कागद ठेवलाय. ती म्हणते की तिने लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. तेव्हा बापाला जे बघायला मिळालं नाही ते मी जसं झालं तसं सांगते.

पोरांची शर्यत झाली, बायकांची झाली. टपालवाल्याच्या मुलीने बायकांची जिंकली आणि तिला एक कोकरू देऊन बाजूला बसवलं. मग तुझ्या आईने सगळ्यांना नियम सांगितला. तिसऱ्या शर्यतीला गवताच्या गंजीपाशी दोघीच उभ्या राहिलो, ती आणि मी. अंतर पन्नास पावलं. पलीकडे अंगणात जाजमावर बायतिक, घोट्यांना दोरी, झामालने त्याला काखेत धरलेलं, आणि पहिल्या रांगेत उम्सूनकाकू.

तुझी आई सुटली आणि चक्क पुढे गेली. तिचा उजवा ओढतो, माझा डावा, म्हणजे दोघी शेजारी चाललो की एकमेकींवर आदळतो. लहानपणी तलावाकाठच्या आरोग्यधामात आम्ही खांद्यावर हात टाकून दुबळे पाय मधे घेऊन चालायचो, त्याची आठवण झाली आणि मला हसू यायला लागलं. माझा कॅलिपर खटखटत होता. तिसाव्या पावलाला तुझी आई मधेच गवतात बसली आणि बुटात खडा गेला म्हणून डावा बूट काढायला लागली. खडाबिडा काही नव्हता. पण मी शेजारून जाताना तो बूट पाहिला, कुबान. करंगळीच्या बाजूने उभा चिरलेला, आतून लोकरीचा तुकडा लावलेला. अगदी माझ्यासारखा. तिचाही पाय अडतीसात मावत नव्हता, आणि तिनेही मला सांगितलं नव्हतं. मी थांबले. तिने हात झटकून मला पुढे हाकललं, गुरं हाकतात तसं.

मी पोचले. झामालने सुरी दिली. कुणी आलं नाही. मी वाकून दोरी कापली, लोकर होती, सहज तुटली. मग तुझ्या वडिलांनी लपवून ठेवलेले बूट काढले, कोकराच्या कातड्याचे, वर लाल टाके. बायतिकला ते घातले, मी त्याचा हात धरला आणि त्याने पाऊल टाकलं.

तो लंगडला. उजवा नीट टाकला, डावा उचलून धरला, कसाबसा टेकवला. पुन्हा उजवा, पुन्हा तसाच डावा. हुबेहूब माझी चाल. उम्सूनकाकूंनी तोंडावर हात ठेवला. तुझी आई गवतातून एका बुटावर धावत येत होती ती तिथेच थांबली. मला वाटलं, एकोणऐंशी साली काकू बरोबर होत्या, मीच इतकी वर्षं उगाच राग धरला, आणि आता या लेकराचं मी वाटोळं केलं. असं वाईट मला तिन्ही वेळा पडले तेव्हाही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या पावलाला बायतिक मटकन बसला आणि रडत डावा बूट ओढायला लागला. मी शिवणारी बाई, माझा हात आपोआप बुटाकडे गेला. दोन्ही काढले आणि तळाला तळ लावून बघितले. डावा एका बोटाने लहान होता.

मी ते तसेच वर धरले, सगळ्यांना दिसतील असे. तुझे वडील पुढे आले, हातात घेऊन बघितले आणि कानापर्यंत लाल झाले. मग खाली बघत म्हणाले की त्यांनी उभ्या आयुष्यात सारख्या मापाचा जोड शिवलेलाच नाही. बूट शिवले ते फक्त आम्हा दोघींचे. हाताला दुसरं ठाऊकच नाही. कुबान, तुझी आई अशी हसली की शेजारचा घोडा बुजला. मग सगळं अंगण हसलं. मी हसता हसता रडले ते कुणाच्या लक्षात आलं असेल तर असो.

तेवढ्यात तुझा मुलगा अनवाणी उठला आणि कुणाचाही हात न धरता तरातरा चालत सुटला. दोन्ही पाय सरळ. तो गेला थेट उम्सूनकाकूंसमोरच्या बोर्सोकच्या ताटाकडे, आणि ताटातच बसला. काकूंनी त्याला उचललं, त्याच्याखालचे बोर्सोक बाजूला केले, आणि एक चांगला निवडून माझ्यासमोर धरला. म्हणाल्या की खा गं बाळ, दमली असशील. जुनं त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. बूट बघताना शेजारी ठेवलेली सुरी मी पुन्हा उजव्या हातात घेतली होती. मी बोर्सोक डाव्या हाताने घेतला.

तो मी खाल्लाही. चांगला झाला होता.

थंडीत डोकं झाकून काम करावे. इकडची माया तिकडे पोचत असावी.

तुझी,
शारिपामावशी


आत-बाशी,
२२ ऑगस्ट २००४

चि. शारिपास,

अनेक आशीर्वाद. तू गेल्यापासून घर शांत आहे, म्हणजे मी एकटीच बोलते.

बायतिक आता कुठेही सापडतो. तुझ्या भावोजींनी त्याचे बूट पुन्हा शिवले. पहिल्या खेपेला सवयीने पुन्हा डावा लहान झाला, दुसऱ्या खेपेला घाबरून उजवा. तिसरा जोड सारखा निघाला, तर त्यांना तो चुकलाय असं वाटत होतं, मी मोजून दाखवल्यावर पटलं. एक गोष्ट मात्र त्यांनी मला समजावून द्यावी. घरी बायको मी, आणि हात चुकला तो तुझ्या मापाने, डावा लहान. माझ्या मापाने का चुकला नाही? विचारलं तर खोगीर घेऊन बाहेर गेले. तो पहिला जोड मी खिळ्याला टांगून ठेवलाय, उम्सूनकाकू येतात तेव्हा बघतात आणि दर वेळी हसतात.

मीही नारिनला जाऊन आले. डॉक्टरांनी तेच सगळं सांगितलं जे तू लपवून ठेवलं होतंस, त्यामुळे मला ते आधीच पाठ होतं. कॅलिपर पुढच्या महिन्यात. मग दोघींची खटखट जुळवून बघू.

आणि त्या विषयावर आता बोलते. माझा डावा पाय गेली दोन वर्षं चाळीस आहे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. तुझा जोड फुटू नये म्हणून मी चिरत होते, माझा फुटू नये म्हणून तू, आणि दोघींचे सोल लावणारा माणूस दोघींना दिलेलं वचन पाळत गप्प बसला होता. पुढच्या वर्षी पस्तीसचा एक जोड आणि चाळीसचा एक.

पाळी माझी आहे. रंग लाल.

लोभ आहे, तो अडतीसाचा चाळीस झाला आहे.

तुझी,
तुर्सुनाय